आतला पाय, बाहेरचा पाय

बाळांनो, जरा उभे राहा बघू. पुस्तक हातात असू दे, पण उभे राहा. आता अशी कल्पना करा, की तुम्ही दारात उभे आहात, डोक्यात काही विचार नाही, आणि कुणीतरी मागून येऊन तुमच्या पाठीला हलकासा धक्का दिला. पडू नये म्हणून तुमचा एक पाय आपोआप पुढे जाईल. कुठला? डावा की उजवा? अंहं, विचार करू नका! विचार केलात की गंमत गेली. जो पाय न विचारता पुढे धावतो, तो तुमचा भरवशाचा पाय. दुसरा थोडा मागे राहणारा, थोडा कमी जोराचा. प्रत्येकाचं असंच असतं. दोन्ही पाय तंतोतंत सारख्या ताकदीचे असलेला माणूस मी तरी पाहिला नाही, आणि मी पाय किती पाहिलेत म्हणून सांगू! जन्मभर बुटांचं दुकान चालवलं मी. लोक चेहरे लक्षात ठेवतात, मी टाचा लक्षात ठेवतो. पाय हा माझा विषय! पायांच्या बाबतीत माझी चूक होणं शक्यच नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे.

मग एक दिवस माझी नात भिंगरी शाळेतून आली आणि दप्तर कोपऱ्यात भिरकावून म्हणाली, "मी शर्यतीत नाही धावणार."

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. पण ती घरात चालत कधी नसे, गरगरत असे, म्हणून भिंगरी. तिच्या शाळेत दरवर्षी खेळांच्या दिवशी तीन पायांची शर्यत होते. एक मूल आणि त्याच्या घरचं एक मोठं माणूस, दोघांचा एकेक पाय एकत्र बांधायचा आणि धावायचं. गेल्या वर्षी भिंगरी आणि तिची आई, म्हणजे माझी लेक, वाऱ्यासारख्या पहिल्या आल्या होत्या. दुसरा नंबर आला तेव्हा या दोघी सरबत पिऊन मोकळ्या झाल्या होत्या!

पण यंदा लेक घरात नव्हती. ती पवनचक्क्या दुरुस्त करते. दूर समुद्रात एक बेट आहे, तिथे तिला लांबलचक काम मिळालं होतं. बेटावर फोनला रेंज येते ती फक्त बोटीच्या धक्क्याच्या टोकाशी, आणि तीही वाऱ्याच्या मनात असेल तेव्हा. त्यामुळे आमच्या घरी फोन वाजला की सगळे हातातलं टाकून पळायचे, आणि दर वेळी "ऐकू येतंय का?" एवढं बोलून होईपर्यंत तो बंद पडायचा. भिंगरी मग बराच वेळ फोन कानाला तसाच लावून बसे. आम्ही तिला काही म्हणत नसू.

"का नाही धावणार?" मी विचारलं. "बाबा धावतील की तुझ्याबरोबर."

"बाबांचा पाय बसत नाही मला."

"मग मी धावतो."

तिनं माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "आजोबा, फक्त आईचाच पाय बसतो मला. दुसऱ्या कुणाचा बसणारच नाही. विषय संपला."

विषय संपला? पायांचा? माझ्या घरात?

"भिंगरे," मी छाती पुढे काढून म्हणालो, "बूट असो की पाय, बसत नाही असं जगात काही नसतं. मापाचं मिळालं नाही, एवढंच! मी तुला आईच्या मापाचा पाय शोधून देतो. दिला तर धावशील?"

"दिलात तर," ती म्हणाली. पण म्हणताना ती दाराकडे बघत होती.

दाराशी चपलांच्या फळीवर लेकीचे जुने खेळाचे बूट ठेवलेले होते. ती गेल्यापासून ते कुणी हलवले नव्हते. धूळसुद्धा आपोआप पुसली जात होती, कोण पुसतं ते कुणी कुणाला विचारत नव्हतं. दुपारी घरात कुणी नसताना मी ते खाली काढले आणि उलटे केले. बुटाचा तळ खोटं बोलत नाही. उजव्या तळाचा पुढचा भाग चांगलाच झिजला होता, डावा त्या मानानं कोरा. म्हणजे माझी लेक उजव्या पायानं जमीन मागे रेटायची. मग भिंगरीचे बूट पाहिले. उलटं! डावा झिजलेला, उजवा धड. पोरगी डाव्या पायाची!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भिंगरी आईच्या डाव्या हाताला उभी राहायची. म्हणजे भिंगरीचा उजवा आणि आईचा डावा, असे दोन्ही कमी जोराचे पाय एकत्र बांधले जायचे, आणि दोघींचे भक्कम पाय बाहेरच्या बाजूंना मोकळे! दोन वल्ह्यांची होडीच म्हणा ना! मला एवढा आनंद झाला, की मी ते बूट हातात घेऊन खूप वेळ बसलो. आता आनंद झाला तर माणूस उठून उभा राहतो, बसत नाही, हे मला कळतं. पण मी बसलो.

तर काम सोपं होतं. उजव्या पायाचं एक मोठं माणूस शोधायचं. आणि त्यासाठी मघाशी सांगितलेली धक्क्याची परीक्षा! अट एकच, समोरच्याला आधी सांगायचं नाही. सांगितलं की तो विचार करतो, आणि विचार केला की पाय खोटं बोलतो.

पहिला नंबर जावईबापूंचा. आमचे जावई बेकरी चालवतात. मी बेकरीत गेलो तेव्हा ते भट्टीतून काढलेल्या पावांचा भला मोठा ट्रे दोन्ही हातांत घेऊन टेबलाकडे निघाले होते. मनात काही विचार नाही, पाठ मोकळी. अशी संधी पुन्हा कधी येणार? मी मागून हलकासा धक्का दिला.

डावा पाय पुढे पडला! स्वच्छ, निःसंशय डावा! आणि तो पडला तो पिठाच्या उघड्या पिंपात. ट्रे वर गेला, पाव चारी दिशांना उडाले, आणि जावईबापू पिंपासकट असे काही घरंगळले, की उठले तेव्हा फक्त डोळे ओळखू येत होते.

"बाबा!" ते ओरडले. "हे काय?"

"डावा," मी हळहळून म्हणालो. "तुमचा उपयोग नाही."

हे ऐकून त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, कारण तो पिठाखाली होता. पायाचा अंगठा मात्र टम्म सुजला.

दुसरा नंबर शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींचा. धट्टीकट्टी बाई, दिवसभर पायमशीन चालवते, पाय म्हणजे खांब! त्या दारात पाठमोऱ्या उभ्या राहून कपडा उजेडात धरून बघत होत्या. मी दबकत गेलो. धक्का दिला. उजवा! उजवा पाय पुढे! मी आनंदानं ओरडलो, "सापडला!"

"सापडलास की मेल्या!" मावशी गर्रकन वळल्या आणि हातातली लाकडी मोजपट्टी माझ्या खांद्यावर बसली. मग त्यांनी पाहिलं की चोर नाही, आजोबा आहेत. "अगंबाई! तुम्ही? तुम्हाला चक्कर आली का? माझ्या अंगावर पडलात की हो!"

खरं सांगावं तर परीक्षेचं सांगावं लागणार, आणि मोजपट्टी अजून त्यांच्या हातातच होती. मी म्हणालो, "हो, जराशी."

झालं! संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की आजोबा येता-जाता लोकांच्या अंगावर पडतात. बेकरीतल्या प्रकाराशी ते चपखल जुळलं. मी रस्त्यावर आलो की लोक दोन्ही बाजूंनी दंड धरू लागले. दूधवाल्यानं मला रस्ता ओलांडून दिला. मला ओलांडायचा नव्हता तरी दिला! मावशी तर आमच्याकडे बघून पदराला डोळे पुसायच्या. त्यांना शर्यतीचं विचारायची सोय उरली नाही.

शेवटी जावईबापूंनी डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. बाई आल्या, बॅग टेबलावर ठेवली आणि पाठमोऱ्या होऊन तिच्यातून काहीतरी काढू लागल्या. मनात विचार नाही, पाठ मोकळी...

तुम्ही म्हणाल, नाही हो आजोबा, नका! मीही स्वतःला तेच म्हणालो. पण हात पोचला होता.

"उजवा!" मी म्हणालो.

"झोपा," डॉक्टरीणबाई खाली पडलेला चष्मा शोधत म्हणाल्या. "आधी तुम्ही झोपा तिथे."

त्यांनी माझे डोळे पाहिले, नाडी पाहिली. मग तळपायाला आपला तळहात लावला आणि म्हणाल्या, "रेटा." उजव्या पायानं रेटलं तर बाई पाऊलभर मागे सरकल्या. डाव्यानं रेटलं तर जागच्या हलल्या नाहीत.

"डाव्यात जोर कमी आहे तुमच्या."

"शक्यच नाही! पाय हा माझा विषय आहे!"

"असू दे विषय. थोडाफार फरक सगळ्यांच्यात असतो. तुमच्यात जरा जास्त आहे. दात घासताना भिंतीला हात लावून डाव्या पायावर उभे राहत जा. आणि लोकांच्या अंगावर पडणं बंद करा."

मी पडून राहिलो. इतकी वर्षं दुसऱ्यांचे तळ उलटे करून पाहिले, स्वतःचा कधी पाहिला नव्हता. भिंगरीनं माझ्या दोन्ही चपला उचलून आणल्या आणि खाटेवर माझ्यापुढे उलट्या धरल्या. उजव्याचा पुढचा भाग झिजलेला. डावा कोरा.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "हे आईसारखं आहे."

"आईचं माझ्यासारखं आहे," मी म्हणालो. "माझ्याकडूनच गेलंय ते तिच्याकडे, दुसरं कुणाकडून जाणार?"

तिनं चपला खाली ठेवल्या. मग विचारलं, "चेंडू मारताना उजवा पाय मारतो. तेव्हा डावा काय करतो?"

"डावा उभा राहतो. सगळं अंग तोलून धरतो. त्याचं नाव कुणी घेत नाही, पण तो सरकला तर मारणारा आपटलाच!"

"मग तो कमी जोराचा कसा?"

बाळांनो, या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. तुम्हाला सापडलं तर कळवा. त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, "धावशील माझ्याबरोबर?" आणि ती आतल्या खोलीत जाऊन आईचा निळा मफलर घेऊन आली. गेल्या वर्षी त्या दोघींनी पाय बांधले होते ते याच मफलरनं.

आमचा सराव सुरू झाला. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "एक, दोन. एक, दोन." हळूहळू जमत गेलं. फक्त एक गोष्ट मला टोचत होती. मी विचारलं, "तू आणि आई धावताना काय म्हणायचात गं? एक-दोनच ना?"

"नाही."

"मग?"

"ते आमचं आहे," भिंगरी म्हणाली आणि मफलरची गाठ पुन्हा घट्ट करू लागली. ती सैल झालेली नव्हती.

खेळांचा दिवस उजाडला. मैदानावर पोचतो तोच खेळाच्या बाई खुर्ची घेऊन धावत आल्या. "या आजोबा, सावलीत बसा. तुम्हाला चक्कर येते म्हणे." मी म्हणालो, मी स्पर्धक आहे. त्यांना वाटलं, मला भ्रमही होतो. भिंगरीनं मध्ये पडून सांगितलं तेव्हा कुठे आम्हाला रेषेवर उभं राहू दिलं. जावईबापू सुजलेला अंगठा सांभाळत दोरीपलीकडे उभे होते.

आम्ही पाय बांधले. तिचा उजवा, माझा डावा. आणि नेमका तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला.

"बाबा? ऐकू येतंय का?" वाऱ्याचा घूं घूं आवाज, आणि त्यात माझी लेक! "मी धक्क्यावर आहे. शर्यत झाली का हो?"

"आता सुरू होतेय! बंद करू नकोस! खिशातच राहा!"

भिंगरीचा चेहरा मी पाहिला. ती माझ्या खिशाकडे अशी बघत होती, जणू आई तिथे दुमडून ठेवलेली होती.

शिट्टी वाजली! आता कबूल करायला हरकत नाही, शिट्टी ऐकली की माझं वय गळून पडतं. लहानपणीची शाळेची कवायत अंगात आली आणि सरावातलं एक-दोन पार विसरून मी तारस्वरात ओरडलो, "डावा! उजवा! डावा! उजवा!"

आता बाळांनो, पुन्हा एकदा कल्पना करा. माझा डावा पाय बांधलेला. तिचा डावा पाय मोकळा. मी "डावा" म्हटलं की मी बांधलेला उचलणार आणि ती मोकळा! म्हणजे तिचे दोन्ही पाय एकदम हवेत! "उजवा" म्हटलं की माझे दोन्ही! जन्मभर डावे-उजवे बूट ओळीनं मांडणाऱ्या माणसाला एवढं कळू नये!

आम्ही पडलो नाही, हेच वाईट झालं. पडलो असतो तर तिथेच संपलं असतं. पण माझा तो भक्कम उजवा बाहेरून जमीन रेटतच राहिला, आणि एका बाजूनंच वल्हं मारल्यावर होडीचं जे होतं तेच आमचं झालं. आम्ही डावीकडे वळलो. अजून वळलो. चुन्याची रेष गेली, दोरी गेली, दोरीबरोबर जावईबापू गेले. "बाबा, माझा अंगठा!" ही त्यांची किंकाळी मागे राहिली. समोर बक्षिसांचं टेबल, टेबलामागे मुख्याध्यापिकाबाई.

"थांबवा त्यांना! चक्कर आलीय!" कुणीतरी ओरडलं आणि माणसं धावली.

तेवढ्यात माझ्या खिशातून वाऱ्यापेक्षा मोठा आवाज आला. "बाबा, डावा-उजवा काय करताय? भिंगरी! आतला! आतला गं! आता बाहेरचा! आतला, बाहेरचा!"

बांधलेला तो आतला, मोकळा तो बाहेरचा! दोघांसाठी एकच शब्द! किती सोपं! भिंगरीचा पाय क्षणात लयीत आला. माझाही आला असता. पण तो आतला होता, म्हणजे डावा होता, आणि दात घासण्याचे व्यायाम त्याला पुरले नव्हते. तो मुडपला. आम्ही सरबताच्या पिंपापाशी बसलो. पिंपही आमच्याबरोबर बसलं.

शर्यत संपली तेव्हा आम्ही रेषेच्या बरेच मागे होतो, म्हणजे निघालो त्याच्याही मागे.

लोकांनी मला उचलून त्याच खुर्चीवर सावलीत बसवलं. मावशी वारा घालू लागल्या. मैदानावर बाई दोऱ्या गुंडाळत होत्या, मुलं बक्षिसांकडे पळाली होती. भिंगरी अजून माझ्या पायाला बांधलेलीच शेजारी उभी होती, गुडघ्यांना माती, केसांत सरबत. मला वाटलं, आता ही रडणार. तिला मी आईच्या मापाचा पाय देतो म्हणालो होतो, आणि दिलं काय, तर तिला सगळ्या शाळेपुढे गोल फिरवून आणलं.

"भिंगरे," मी म्हणालो, "माझं चुकलं गं."

खाली बसून तिनं मफलरची गाठ सोडली. मग उठून माझ्या खिशातून फोन काढला. फोन अजून चालू होता, त्यातून वारा ऐकू येत होता.

"आई, आहेस?"

"आहे गं! काय झालं? धडपडलात का? बाबा बरे आहेत ना?"

"थांब हं. बंद करू नकोस."

आणि तिनं फोन आपल्या उजव्या पायाला, घोट्याच्या आतल्या बाजूला लावला, त्यावरून निळा मफलर गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली.

माझा फोन! सरबतानं भिजलेला माझा फोन! मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

ती सुरुवातीच्या रेषेवर जाऊन उभी राहिली. शेजारी कुणी नव्हतं. तिनं उजवा हात जरा लांब ठेवला होता, कुणाच्या तरी कमरेला धरल्यासारखा. तिनं खाली वाकून पायाला काहीतरी सांगितलं आणि पायातून आवाज आला, "आतला!"

ती निघाली. "आतला! बाहेरचा! आतला! बाहेरचा!" ओरडणारी आई आणि धावणारी लेक! चुन्याच्या रेषेवरून सरळ, इतकी सरळ, की दोऱ्या गुंडाळणाऱ्या बाई बाजूला झाल्या आणि बघत राहिल्या. अर्ध्या मैदानात आवाज तुटला. धक्क्यावरचा वारा, दुसरं काय! मला ते खुर्चीवरूनही कळलं. मी हातांनी खुर्ची घट्ट धरली.

भिंगरी थांबली नाही. "आतला! बाहेरचा!" आता ती स्वतःच म्हणत होती, मोठ्यानं, शेवटच्या रेषेपर्यंत.

मग ती धापा टाकत माझ्याकडे आली. मफलर सोडून तिनं फोन माझ्या खिशात ठेवला. मावशींना म्हणाली, "जरा सरका." माझ्या डाव्या बाजूला उभी राहून तिनं माझा मुडपलेला डावा पाय हळूच स्वतःच्या उजव्याशी जोडला आणि मफलर बांधला, फार घट्ट नाही, फार सैल नाही.

"घरी जायचंय ना?" ती म्हणाली.

"असं? बांधून? रस्त्यानं? लोक काय म्हणतील गं!"

तिनं माझ्या कमरेला हात घातला, टाचा उंच केल्या आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं माझ्या कानात सांगितलं, "आतला आधी हं, आजोबा."